सुपारी न फोडणारा अडकित्ता

खंडेनवमीला दिंडोशीच्या त्या उंच इमारतीत घरोघरी लॅपटॉपला हळदकुंकू लागतं, खाली पार्किंगमध्ये स्कूटरींना झेंडूचे हार पडतात. सातव्या मजल्यावर धोंडू मेस्त्रींच्या घरी मात्र चौरंग मांडला जातो. त्यावर लाल कापड, आणि कापडावर ओळीने धोंडूंच्या वडलांची करवत, रंधा, पटाशा, हातोडी, गुण्या. पूजा त्यांची बायको नलिनी करते. हत्यारांना ती पाण्याने आंघोळ घालते, गंध लावते, कुंकू लावते, फूल वाहते. धोंडू सोवळं नेसून शेजारी बसतात आणि डोळे मिटून घेतात. त्यांचा नमस्कार नेहमी जरा लांबतो. नलिनीला वाटतं, हे देवापेक्षा त्या करवतीशीच काहीतरी बोलत असावेत.

धोंडू म्हणजे मुळातच सुतार. साकीनाक्याच्या एका ओतकामाच्या कारखान्यात त्यांनी आयुष्यभर लाकडी साचे केले. निवृत्त होऊन किती वर्षं झाली, पण कानावरची पेन्सिल काही निवृत्त झाली नाही. आंघोळीनंतर गंध आणि पेन्सिल, हा त्यांचा नेम. देवळात गेले तरी पेन्सिल कानावर. कोणाच्या घरी हळदीकुंकवाला नलिनीला सोडायला गेले, की उंबऱ्यातच त्या घरचं दार दोनदा उघडून मिटून बघणार. "बिजागरी खाली बसली हा," असं यजमानाला सांगून मगच "नमस्कार" म्हणणार. सांत्वनाला गेले तरी टेबलावर बोटाच्या पेराने टकटक करून बघतील, की हे खरं लाकूड आहे की भुश्याची फळी. नलिनी डोळे वटारते. धोंडू म्हणतात, "अगो, हात आपसूक जाता."

यंदा त्या हाताला काम आलं. नात जान्हवीचं लग्न ठरलं. मुलगा मुलुंडचा, सौरभ नावाचा, घरचे लोक साधे. तुळशीच्या लग्नानंतरची तारीख निघाली, आणि साखरपुड्याचे पेढे वाटून होतात न होतात तोच धोंडूंनी गावी भावाला, दादूला, फोन लावला. "फणसाची फळी जपून ठेवलेली हा मा? धाडून दी."

कारण मेस्त्र्यांच्या घरातली मुलगी विकतच्या पाटावर उभी राहत नाही. लग्नाचे दोन्ही पाट घरच्या फणसाचे. आणि त्याचीही रीत आहे. पहिला काप घालताना नवरीने स्वतः फळीचं एक टोक धरायचं, आणि घरातल्या वडीलधाऱ्याने घरच्या करवतीने कापायचं. ज्या हाताने कापतो त्या हाताचा आणि जिच्यासाठी कापतो तिचा लाकडातून एक हिसका एकमेकांना कळतो, म्हणे. धोंडूंच्या बहिणी अशाच उभ्या राहिल्या, मुलगी अशीच उभी राहिली. आता जान्हवी.

दादूने गावाहून येणाऱ्या गाडीतून फळी पाठवली. पिवळीधमक, हातभर रुंद, जवळ नाक नेलं की अजून गोडसर वास येणारी. धोंडूंनी ती गॅलरीत आडवी ठेवली आणि लहान मुलाला थोपटावं तशी थोपटली. मग देवघरावरच्या खिळ्याला टांगलेली करवत खाली काढली, पात्यावरचं कुंकू कापडाने पुसलं, आणि त्यांचा हात थांबला.

कुंकवाखाली गंज होता.

वर्षानुवर्षं त्या करवतीने लाकूड पाहिलं नव्हतं. फक्त पाणी, गंध आणि कुंकू पाहिलं होतं. नलिनीच्या भक्तीने करवतीला कातड्यासारखा लाल थर चढला होता. दात बोथट, आणि सगळे एका सरळ रेषेत आलेले. करवतीचे दात असे सरळ असून चालत नाहीत. एक दात डावीकडे झुकलेला, पुढचा उजवीकडे, भजनाला बसलेली मंडळी टाळाच्या ठेक्यावर डोलतात तशी. तेव्हाच लाकडात वाट रुंद होते आणि पातं अडकत नाही.

"मी पाणी जास्त घातलं वाटतं," नलिनी हळूच म्हणाली.

"देवाची पूजा झाली, करवतीची तब्येत बिघडली," धोंडू हसले. "काय नाय. गंज जातलो. धार लावतंय. ती गोणी खंय असा?"

"कुठली गोणी?"

"कानशीची गो. दात घासायच्या तीनधारी कानशी, आणि तो दात वळवायचो चिमटो. बाबांचो. तपकिरी गोणीत बांधून माळ्यावर होतो तो."

नलिनीला चुलीवरचं दूध उतू जाताना दिसावं तसं सगळं एकदम दिसलं. जुनी इमारत पाडून ही नवी बांधायची ठरली तेव्हा घर आवरलं तिनेच. धोंडू तेव्हा गावी गेलेले. चौरंगावर बसणारं एकूण एक हत्यार तिने धुतलेल्या लुगड्यात गुंडाळून जपून आणलं. पण ती गोणी उघडली तर आत काळपट लोखंडाचे तुकडे. नवमीला कधी पूजेत न दिसलेले. जे पूजेत नाही ते हत्यार नाही, असं समजून तिने गोणी दारावर आलेल्या भंगारवाल्याला देऊन टाकली होती.

त्यातला चिमटा मात्र तिला चांगला आठवत होता. जड, दोन मुठींचा, दाबला की तोंडाशी एक छोटी खुंटी पुढे येणारा. तिचा अडकित्ता त्याच सुमारास मोडला होता. म्हणून तिने गोणी देण्याआधी त्या चिमट्यात सुपारी धरून बघितली होती. सुपारी फुटली नाही, उडून मोरीत गेली. "काय उपयोगाचा नाही मेला," असं म्हणून तिने तोही गोणीत टाकला.

हे सगळं तिने धोंडूंना सांगितलं, सुपारीसकट. ते रागावतील असं तिला वाटलं. ते करवतीच्या दातांवरून अंगठा फिरवत म्हणाले, "तुझी चूक नाय ती. मीच तेंका कधी चौरंगार बसवलंय नाय. सगळ्या हत्यारांका धार देणारी हत्यारां ती, आणि आमी तेंका माळ्यार ठेवली."

त्या शब्दांनी नलिनीला रागावण्यापेक्षा जास्त लागलं.

कानशी काही मोठी गोष्ट नव्हती. मालाडच्या हार्डवेअरच्या दुकानात नव्या मिळाल्या. अडलं ते चिमट्यापाशी. दुकानदार म्हणाला, "आजोबा, आता हातकरवतीला कोण धार लावतो? बोथट झाली की टाकायची, नवी घ्यायची." धोंडूंनी घरी येऊन स्क्रूड्रायव्हरने एकेक दात वळवायचा प्रयत्न केला. जुनं पोलाद ते. तिसऱ्याच दाताला टक् असा आवाज झाला आणि दात तुटून फरशीवर पडला.

धोंडूंनी तो दात उचलून तळहातावर घेतला. "माझे पडले तेव्हा कवळी तरी बसवली. हेका काय बसवू?" म्हणाले. हसायला कोणी धजावलं नाही.

मुलगा नंदकिशोर, जान्हवीचे वडील, समजावणीच्या सुरात म्हणाला, "बाबा, खालच्या फ्लॅटमध्ये इंटिरियरचं काम चाललंय. त्यांच्याकडे कटर आहे. दोन मिनिटांत पाट होईल. जान्हवी टोक धरेल ना."

"त्या मशीनला टोक धरूक दिलंस तर लग्नात अंगठी घालूक बोट नको रवाक?" धोंडू म्हणाले. पण त्यात नेहमीचा जोर नव्हता. त्यांनी फळीवर जुनी चादर टाकली. त्या दिवसापासून पेन्सिलही कानावर दिसेना. कानामागे त्वचेवर पेन्सिलीची जी खाच पडली होती, ती आता नलिनीला रिकामी दिसायची. तिने देवासमोर दिवा लावताना पहिल्यांदा नातीच्या संसारासाठी काही मागितलं नाही. "एवढा चिमटा दाखव रे बाबा," इतकंच म्हणाली.

देवाने वाट दाखवली ती जान्हवीच्या तोंडून. ती मालाडला एका जाहिरातीच्या कंपनीत काम करायची. "आजी, आमच्या शूटिंगला जुन्या वस्तू लागल्या की आम्ही ओशिवऱ्याला जातो. अँटिकवाल्यांची रांगच आहे तिकडे. आख्ख्या मुंबईचा माळा तिथे येऊन पडतो. रविवारी जाऊया?"

"अगो, अँटिक म्हणजे राजेमहाराजांच्या वस्तू," धोंडू म्हणाले. "आमचो चिमटो खंय तिकडे?"

"आजोबा, तुमच्या वयाच्या सगळ्याच वस्तू आता अँटिक झाल्यात."

"माका धरून?"

"तुम्ही तर शोपीस आहात!"

रविवारी तिघं निघाली. करवत नलिनीच्या जुन्या साडीत गुंडाळून धोंडूंच्या मांडीवर. "चप्पल घ्यायची तर पाय बरोबर न्यायला नको?" असं त्यांचं म्हणणं. रिक्षावाला आरशातून त्या लांबट गाठोड्याकडे सारखा बघत होता. त्यात नलिनीने डोळे मिटून, हात जोडून, रिक्षातच गावच्या देवाला गाऱ्हाणं घातलं. "बा रवळनाथा म्हाराजा! तुझी ही लेकरां आज ओशिवऱ्याक चललीत. जा हरवला ता गावांदे, दुकानदाराक सद्बुद्धी होवंदे रे म्हाराजा!"

"होय म्हाराजा!" धोंडू आणि जान्हवी एका सुरात ओरडली. रिक्षावाल्याने दचकून गचकन ब्रेक मारला.

ओशिवऱ्याच्या त्या दुकानांत शिरताच धोंडूंचं वय उतरलं. जुनी कपाटं, आरामखुर्च्या, कोरीव पलंग, दारांच्या चौकटी छतापर्यंत रचलेल्या. ते प्रत्येकाला हात लावत, वास घेत, पेराने टकटक करत चालले. "हो सागवान. बर्म्याचो. हेच्यार खिळो मारलेलो नाय, सगळे खाचेचे जोड." आणि पुढे, "ह्या जुना नाय. चहाच्या पाण्याने रंगवून जुना केलेला हा." दुकानातला पोऱ्या मालकाला बोलावायला पळाला.

पण चिमटा मिळेना. अडचण अशी की त्याला नावच नव्हतं. धोंडूंच्या घरात त्याला नुसतं "तो चिमटो" म्हणत. धोंडू हवेत बोटं दाबून दाखवत, आणि दुकानदार काहीबाही आणून देत. एकाने घोड्याचे नाल काढायची पक्कड आणली, एकाने बाटलीची बुचं बसवायचं यंत्र, एकाने तर दात उपटायची डॉक्टरची सांडशी आणली. "दात म्हणालात ना?" "अरे, माझो नाय रे, करवतीचो!" जान्हवी हसून हसून एका पलंगावर बसली, तर तिथली पाटी म्हणाली, बसू नये.

शेवटचं दुकान चंद्रप्रकाश नावाच्या गृहस्थाचं. पोट सुटलेला, पान खाणारा, मराठी झकास बोलणारा माणूस. त्यानेही मान हलवली. "अवजारं आमच्याकडे येतात आजोबा, पण कॅफेवाले उचलून नेतात. भिंतीला लावतात. परवाच एक रंधा गेला, त्यात टिश्यू पेपर ठेवणार म्हणे."

धोंडूंनी हे ऐकून स्टूल शोधलं आणि खाली बसले. करवतीचं गाठोडं मांडीवर. "चला गो घरी," म्हणाले. "नंदूक सांग, कटरवाल्याक बोलव."

नलिनीला ते बघवेना. ती पाठ फिरवून उगीच काचेच्या कपाटाकडे वळली. आत मखमलीवर पितळी अडकित्ते मांडलेले. मोराचे, घोड्याचे, बाई-पुरुषाच्या जोडीचे. बायकांची नजर जाते तशी तिची एकेकावरून गेली. आणि कोपऱ्यातल्या एका काळ्या, बिननक्षीच्या अडकित्त्यावर थांबली. दोन मुठी. तोंडाशी छोटी खुंटी. बाजूला एक दातेरी चकती.

"हा दाखवा हो," ती म्हणाली.

"वा मावशी, नजर आहे तुमची!" चंद्रप्रकाशने कपाट उघडलं. "हा सरदारांच्या घरातला अडकित्ता. लढाईवर जाताना घेऊन जायचे. म्हणून नक्षी नाही."

"ह्याने सुपारी फुटत नाही."

"असं कसं? अडकित्ता आहे तो."

"फुटत नाही म्हणते ना. मी फोडून बघितलीय."

चंद्रप्रकाशला ते लागलं. त्याने खिशातून चंची काढली, अख्खी सुपारी चिमट्याच्या तोंडात धरली, आणि दात-ओठ खाऊन दाबली. सुपारी सुटली ती थेट छतावरच्या झुंबराला लागून एका कपाटाखाली गडप झाली. झुंबर किणकिणत राहिलं.

"बघा!" नलिनी टाळी वाजवून म्हणाली. "माझी मोरीत गेली होती!"

धोंडू कधी उठून मागे आले होते कुणाला कळलं नाही. त्यांनी चिमटा हातात घेतला, उलटा केला, चकती अंगठ्याने फिरवली. ती फिरली. हा त्यांच्या वडलांचा नव्हता. वडलांच्याची एक मूठ जराशी वाकडी होती, ही सरळ. कुणा दुसऱ्याच सुताराचा, कुणा दुसऱ्याच माळ्यावरून आलेला. पण हत्यार तेच. "असो कोणाचो पण," ते पुटपुटले, "तेच्या घरातल्या बायकोनपण भंगारात दिलो आसतलो."

"काय आहे तरी काय हे?" चंद्रप्रकाशने विचारलं. त्याला आता किमतीपेक्षा उत्सुकता जास्त होती. "दाखवाल? दाखवलंत तर घरच्यासारखा भाव लावतो. सरदार गेले खड्ड्यात."

मग त्या दुकानात, सागवानी टेबलाच्या कडेला करवत लावून, धोंडूंनी दात वळवायला सुरुवात केली. जान्हवीने पातं घट्ट धरलं. चिमटा दातावर बसवायचा, दाबायचा, एक दात सोडून पुढे. चक्. चक्. चक्. एक बाजू झाली की करवत उलटी, आणि मधले राहिलेले दात विरुद्ध अंगाला. तुटक्या दाताच्या जागी ते क्षणभर थांबले, बोळक्या तोंडाच्या माणसाने कवळीशिवाय हसावं तसे हसले, आणि पुढे गेले. शेजारच्या दुकानातली माणसं येऊन उभी राहिली. कोणी व्हिडिओ काढला. चंद्रप्रकाश पान चघळायचा विसरला. शेवटी धोंडूंनी करवत डोळ्यासमोर धरून लांबवर नजर टाकली आणि नलिनीला म्हणाले, "बघ गो. भजनाक बसलेत सगळे."

नलिनीने बघितलं. दातांच्या दोन रांगा, आणि मधे सुईएवढी वाट, वाहती, सरळ.

चंद्रप्रकाशने चिमटा कागदात बांधून दिला, लोखंडाच्याच भावात. "लग्नाला बोलवा," म्हणाला. "आणि आजोबा, अधूनमधून येत जा. लाकडाचं वय खरं की खोटं ते तुम्ही सांगायचं, गिऱ्हाईकांना नाही, मला."

दुसऱ्या दिवशी धोंडूंनी दोन फळ्यांच्या बेचक्यात करवत अडकवून दिवसभर कानस चालवली. तिचा तो करकरीत आवाज ऐकून शेजारच्या शांताबाई विचारायला आल्या, मिक्सर बिघडला का म्हणून. नलिनीने त्यांना आत बोलावलं, लाडू दिला आणि सगळी हकिगत सुपारीसकट पुन्हा सांगितली.

पाट कापायच्या सकाळी नवमी नव्हती की काही नव्हतं, तरी नलिनीने चौरंग मांडला. लाल कापड, त्यावर करवत, कानशी, आणि मधोमध चिमटा. पूर्वी कधी चौरंगावर न चढलेली मंडळी आज मानाच्या जागी होती. तिने पळी उचलली मात्र, धोंडू ओरडले, "पाणी नको गो!"

"माहितेय मला," नलिनी म्हणाली. तिने पळीतलं खोबरेल तेल बोटावर घेऊन पात्यावर ओढलं, चिमट्याच्या सांध्यात दोन थेंब सोडले, आणि कोरडं फूल वाहिलं. कुंकवाचं बोट तिने कपाटाच्या दाराला पुसायला नेलं, आणि मग जरा विचार करून धोंडूंच्या कपाळाला लावलं. "एवढं चालेल ना? तुम्हाला गंज चढत नाही."

गॅलरीत फळी मांडली. जान्हवीने साडीचा पदर खोचून टोक धरलं. नंदकिशोर मोबाइल घेऊन उभा, सूनबाई अनुपमा हातात ओवाळणीचं ताट घेऊन. धोंडूंनी गुण्या लावला, कानावरची पेन्सिल काढून रेघ मारली, पेन्सिल परत कानावर. करवत रेघेवर ठेवली आणि नलिनीकडे बघितलं. तिने हात जोडले.

"बा रवळनाथा म्हाराजा! ह्या पाटार पोर उभी रवतली, तिका चांगला घर गावला हा, चांगली माणसां गावांदे. आणि जेच्या कुणाच्या घरातून हो चिमटो इलो, तेच्या घरातपण धार रवांदे रे म्हाराजा!"

"होय म्हाराजा!" सगळ्यांनी म्हटलं, शांताबाईंनीसुद्धा दारातून.

करवत पुढे गेली. पहिल्याच ओढीत फणसाचा पिवळा भुसा धोंडूंच्या पायांवर पडला, आणि तो गोडसर वास गॅलरीभर झाला. जान्हवी एकदम ओरडली, "आजोबा! कळला! हिसका कळला!"

"कळतलोच," धोंडू म्हणाले, हात न थांबवता. "घट्ट धर."